निवृत्तांचा स्थलनिश्चय

मोहोपाड्याहून घाटाकडे पाहिलें म्हणजे पलीकडचें पुणें कायमचें सोडणाऱ्या दुसऱ्या बाजीरावाची आम्हांस आठवण होते. १८१८ सालीं माल्कमच्या स्वाधीन होऊन त्यानें वार्षिक आठ लक्ष रुपयांचें वेतन पत्करलें; दक्षिणेचा दरवाजा मात्र बंद झाला. राहावयाचें कोठें, याचें उत्तर त्यास गंगेनें दिलें. ब्रह्मावर्तींच १८५१ सालीं तो वारला.

पुढें बावला खून प्रकरणीं चौकशीस तोंड देण्यापेक्षां इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनीं १९२६ सालीं गादी सोडली. त्यांचा अंत १९७८ सालीं पॅरिस येथें झाला. एकाचें उतारवय तीर्थीं सरलें, दुसऱ्याची अखेर परदेशीं झाली.

युरोपांत निवृत्तिकाल घालवूं इच्छिणारे आमचे आजचे स्नेही हवा, कर व औषधोपचार यांचा हिशेब मांडतात. तो मांडावाच. परंतु बाजीरावामागून हजारों माणसें गेलीं, म्हणूनच गंगाकांठीं मराठी बोली कानीं पडत राहिली, हें विसरूं नये. राज्य गेलें, सोबत उरली. तेव्हां त्या हिशेबांत आणखी एक रकाना आम्ही सुचवितों: अखेरच्या दुखण्यांत आपल्या भाषेंत विचारपूस करणारें तेथें कोण असेल?