‘डिबेस’ या शब्दाचा कस

एखाद्या लेखकाने भाषा ‘डिबेस’ केली, असे इंग्रजी समीक्षेत म्हटले जाते, तेव्हा त्या निवाड्याला मोजमापाचे वजन प्राप्त होते. हे वजन कोठून आले, हे पाहण्यासाठी या शब्दाच्या इतिहासाकडे वळावे लागते.

अवमूल्यनाचा निर्देश करणारे इंग्रजी शब्द समानार्थी दिसले, तरी त्यांमागील प्रतिमा भिन्न आहेत. ‘करप्ट’मागे नासण्याची, ‘अडल्टरेट’मागे भेसळीची, तर ‘बास्टर्डाइझ’मागे अनौरसतेची कल्पना आहे. ‘डिबेस’मधील ‘बेस’ म्हणजे खालचा, हलका. हे विशेषण कुळाला लागते, वर्तनाला लागते आणि धातूलाही लागते. ‘डिबेस’ हे क्रियापद सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आढळू लागते. प्रथम प्रतिष्ठा उणावण्याच्या अर्थाने, आणि शतकाच्या अखेरीस नाण्याचे मोल घटविण्याच्या अर्थाने.

हा शब्द वापरू लागलेल्या समाजाला हिणकस नाण्याचा अनुभव ताजा होता. 1544 ते 1551 या काळात आठवा हेन्री आणि त्याचा पुत्र सहावा एडवर्ड यांच्या राजवटींत युद्धखर्चासाठी चांदीच्या नाण्यांत तांबे वाढविण्यात आले. एरवी 92.5 टक्के असणारी चांदी अखेरीस 25 टक्क्यांवर आली. नाण्यावर राजाचा चेहरा समोरून कोरलेला असे. वापराने वरचा चांदीचा थर झिजून प्रथम नाक तांबडे दिसू लागे. त्यामुळे हेन्रीला ‘तांबड्या नाकाचा’ असे टोपणनाव पडले. पुढे 1560-61 मध्ये पहिल्या एलिझाबेथने ही नाणी परत घेऊन नवी पाडली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी : नाणे हिणकस करणारी सत्ता स्वतः राजसत्ताच होती.

नाणे आणि भाषा या दोन्ही क्षेत्रांत अवमूल्यनाची तक्रार एकाच लेखकाने केल्याचे उदाहरण जोनाथन स्विफ्टचे आहे. 1712 मध्ये त्याने इंग्रजी भाषेची सुधारणा करून तिचे रूप कायम करणारे मंडळ स्थापावे, असा प्रस्ताव मांडला. तो ज्याला उद्देशून लिहिला, तो अर्ल ऑफ ऑक्सफर्ड राज्याचा कोषाधिपती होता, हा योगायोगही सूचक म्हणावा लागेल. पुढे 1724 मध्ये स्विफ्टने एका कापडव्यापाऱ्याची भूमिका घेऊन विल्यम वुडच्या तांब्याच्या नाण्यांविरुद्ध पत्रे लिहिली. आयर्लंडसाठी ही नाणी पाडण्याचा परवाना वुडला 1722 मध्ये मिळाला होता. टांकसाळीचा प्रमुख आयझॅक न्यूटन याच्या देखरेखीखाली त्यांची परीक्षा झाली आणि ती प्रमाणानुसार असल्याचा निर्वाळा मिळाला. स्विफ्टने तो मानला नाही; तपासलेले नमुनेच निवडक होते, असा त्याचा आक्षेप होता. परंतु त्याचा मूळ आक्षेप धातूविषयी नव्हता. आयरिश पार्लमेंटच्या संमतीवाचून हे नाणे लादण्याचा अधिकार कोणाला, हा खरा प्रश्न होता. 1725 मध्ये परवाना मागे घेण्यात आला.

जेथे तराजू आणि कसोटी उपलब्ध होती, तेथेही वाद अखेर अधिकाराचाच ठरला. भाषेच्या बाबतीत तर अशी कसोटीच नाही. किती टक्के परके शब्द आले म्हणजे ती हिणकस झाली, हे सांगणारी टांकसाळ अस्तित्वात नाही. ‘डिबेस’ म्हणणारा समीक्षक पारख्याचा अधिकार उसना घेतो. पण आपला कसोटीचा दगड दाखवीत नाही.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘हिणकस’ हा आपला शब्दही सोनाराच्या पेढीवरचाच आहे : ‘हीण’ म्हणजे सोन्या-चांदीतील हलकी धातू आणि ‘कस’ म्हणजे दगडावर घासून केलेली पारख. आज तो शेऱ्याला लागतो, अभिरुचीला लागतो आणि बोलीलाही लागतो. त्या प्रत्येक वेळी नाणे पाडण्याचा अधिकार कोणाला नाकारला जात आहे, हे विचारल्याशिवाय तो निवाडा स्वीकारू नये.