‘एक कान चांगला आहे ना?’ : एका समजुतीचा इतिहास

१/ मुलाचा एक कान बधिर, दुसरा ठणठणीत. विसाव्या शतकात दीर्घकाळ अमेरिकेतील डॉक्टरांचा यावरचा सल्ला साधारण ठरलेला असे : चांगला कान शिक्षकांकडे येईल असे मुलाला पुढच्या बाकावर बसवा, बाकी चिंता नको. हा सल्ला अपुरा का ठरला आणि अशा मुलांपर्यंत श्रवणयंत्रे कशी पोहोचली, त्याचा हा धागा.

२/ त्या सल्ल्यामागे कारण होते. एका कानाने ऐकणारे मूल बोलायला शिकते, हाकेला ओ देते. त्यामुळे दोष कित्येकदा शाळेतील तपासणीपर्यंत लक्षातच येत नसे. गालगुंडासारख्या आजारानंतर एक कान कायमचा निकामी होई आणि घरात कोणाला पत्ताही लागत नसे.

३/ दोन कान कशासाठी, याचे शास्त्र मात्र जुने होते. १९०७ मध्ये इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी ध्वनीची दिशा कशी कळते याचे विवेचन केले. खालच्या पट्टीचे ध्वनी दोन्ही कानांवर किंचित मागेपुढे पोहोचतात. वरच्या पट्टीच्या ध्वनींना डोके अडवते, म्हणून पलीकडच्या कानाला ते क्षीण ऐकू येतात. वेळेचा हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तो टिपतो.

४/ एक कान गेला की ही तुलनाच संपते. हाक कोठून आली हे कळत नाही. त्याहून मोठी अडचण गोंगाटाची. बधिर बाजूने शिक्षक बोलत असतील आणि चांगल्या बाजूला बाके सरकत असतील, तर गोंगाट आधी कानात शिरतो आणि शब्द डोक्याच्या आडोशाला अडतो.

५/ यावरचा पहिला महत्त्वाचा तोडगा १९६५ चा. अमेरिकेतील अर्ल हारफर्ड आणि जोसेफ बॅरी यांनी ‘क्रॉस’ पद्धतीचे यंत्र मांडले. बधिर कानापाशी मायक्रोफोन. त्याने टिपलेला आवाज चांगल्या कानाकडे वळवायचा. आरंभीच्या यंत्रांत ही तार बहुधा चष्म्याच्या चौकटीतून नेलेली असे.

६/ यंत्र आले, पण मुलांना त्याची गरज आहे हे कोणी मोजलेच नव्हते. ते मोजले टेनेसी राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या फ्रेड बेस आणि ॲन मेरी थार्प यांनी. १९८४ मध्ये त्यांनी एका कानाने बधिर असलेल्या ६० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३५ टक्के मुलांना निदान एक इयत्ता पुन्हा करावी लागली होती. आणखी सुमारे १३ टक्क्यांना शाळेत जादा साहाय्य लागले होते.

७/ हा आकडा धक्कादायक होता. ज्यांची चिंता नको असे सांगितले गेले, त्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी अभ्यासात अडखळली होती. अशी मुले ‘लक्ष देत नाहीत’ असे सहज वाटे. मुळात शब्दच त्यांच्यापर्यंत अर्धवट पोहोचत होते.

८/ मग कोणते यंत्र द्यावे? १९९० च्या एका अभ्यासात मुलांवर क्रॉस यंत्र आणि एफएम प्रणाली यांची तुलना झाली. गोंगाट बधिर बाजूला असला, की क्रॉस यंत्र तोच गोंगाट चांगल्या कानात आणून ओतत असे. मोठा माणूस जागा बदलेल. वर्गातले मूल कोठे जाणार? शिक्षकांच्या गळ्यातील मायक्रोफोनमधून आवाज थेट कानाशी पोहोचवणारी एफएम प्रणाली सरस ठरली.

९/ स्वीडनमध्ये वेगळी वाट निघाली होती. १९७७ मध्ये गोथेनबर्ग येथे अँडर्स श्येलस्ट्रॉम यांनी कवटीच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र जोडले. कंपने हाडातून आतल्या कानापर्यंत जातात. २००२ मध्ये अमेरिकेत एका कानाच्या बधिरतेसाठीही त्यास मान्यता मिळाली. लहानग्यांसाठी शस्त्रक्रियेविना डोक्याला बांधायचा पट्टा असतो.

१०/ क्रॉस असो वा हाडावरचे यंत्र, दोन्हींत ऐकतो तो चांगलाच कान. बधिर कानाच्या मज्जातंतूपर्यंत संकेत पोहोचवते ते कॉक्लियर इम्प्लांट. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेने पाच वर्षे व त्यावरील वयाच्या एककर्णी बधिर रुग्णांसाठी त्यास प्रथमच मान्यता दिली. ते सर्वांना उपयोगी नाही : काही मुलांत ती श्रवणतंत्रिकाच जन्मतः नसते किंवा फार बारीक असते.

११/ मधल्या काळात पुरावा वाढत गेला. २०१० मध्ये ज्युडिथ ल्यू आणि सहकाऱ्यांनी एका कानाने ऐकणाऱ्या ७४ मुलांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली. घर तेच, आईवडील तेच; तरी भाषेच्या चाचणीत ही मुले मागे होती.

१२/ भारतात? १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्याने ‘चांगल्या कानाची’ श्रवणहानी मोजली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ‘दोन्ही कानांतील’ हानी ही अट आहे. म्हणजे एका कानाने बधिर असलेले मूल दोन्ही व्याख्यांच्या बाहेरच राहते. यंत्रे बदलली, मात्र अशा मुलाची मोजदाद करायची की नाही, हा १९८४ मधला प्रश्न येथे अद्याप खुला आहे.