मुंबईचे मजले

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एका असाधारण तापाचे निदान डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केले. तो प्लेग होता. मूळच्या गोमंतकीय अशा या वैद्याच्या निदानाने शहर हादरले आणि मुंबईच्या घरबांधणीचा इतिहासही तेथूनच पालटला.

दाट वस्ती, अंधार आणि कोंदट हवा हेच रोगाचे मूळ, अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची समजूत होती. म्हणून १८९८ साली कायदा होऊन शहर सुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, आणि दादर-माटुंग्याकडे मोकळ्या जागा सोडून बेताच्या उंचीची, हवेशीर घरे उभी राहतील अशी आखणी केली. मध्यमवर्गाला त्यातून उजेड मिळाला. परंतु ज्यांच्या खोल्या पाडल्या गेल्या, त्यांतील पुष्कळसे गरीब शेजारच्याच चाळींत दाटीवाटीने शिरले. गर्दी हटली नाही, तिने केवळ जागा बदलली.

पुढे १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी उभारल्या. चार मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या आणि एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची! कित्येक कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या त्या एका खोलीत नांदल्या.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५४ च्या नगररचना कायद्याने संपूर्ण शहराचा आराखडा करणे आवश्यक ठरविले. तो १९६४ मध्ये तयार झाला, १९६७ मध्ये मंजूर झाला, आणि त्याबरोबर ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ ही नवी कल्पना आली. तिचा अर्थ साधा आहे. निर्देशांक १.३३ असेल, तर हजार चौरस फूट भूखंडावर सर्व मजले मिळून तेराशे तीस चौरस फूटच बांधता येतात. पाणी, गटारे, रस्ते आणि लोकलगाड्या यांना झेपेल तेवढीच माणसे शहरात राहावीत, हा त्यामागील हेतू होता.

हेतू चांगला होता. पण माणसे नियमाकडे पाहून गावातून निघत नाहीत, ती पोटाकडे पाहून निघतात. तिन्ही बाजूंनी समुद्र, गोठविलेली भाडी आणि मोजकाच मजला यांच्या कात्रीत सापडून घरांच्या किमती चढत गेल्या. ज्यांना नियमातले घर परवडले नाही, त्यांनी नियमाबाहेरची झोपडी बांधली.

तेव्हा बंधन सैल करण्याचा काळ आला. १९९१ च्या नियमांनी बेटावर १.३३ व उपनगरांत १ असा निर्देशांक कायम केला, तथापि आरक्षित जमीन महापालिकेस देणाऱ्याला बांधकामाचा हक्क अन्यत्र वापरण्याची वा विकण्याची मुभा दिली. १९९५ च्या योजनेने झोपडीवासीयांना विनामूल्य घर देणाऱ्या बांधकाम व्यावसायिकास विक्रीसाठी जादा क्षेत्र मिळू लागले. मजला चढविण्याचा हक्क हेच जणू नाणे झाले! २०१८ च्या नव्या नियमावलीने अधिमूल्य भरून व रस्त्याची रुंदी पाहून आणखी मजले चढविण्याची वाट मोकळी केली. वरळीच्या त्या जुन्या चाळींच्या जागी बांधलेल्या मनोऱ्यांत २०२५ मध्ये पहिल्या रहिवाशांनी ५०० चौरस फुटांच्या घरात पाऊल ठेवले.

त्यांचा आनंद खोटा नाही. तरीही अनेक पुनर्वसन इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. ज्या अंधाराच्या भयाने हा इतिहास सुरू झाला, तोच अंधार नव्या भिंतींआड पुन्हा येऊन बसला आहे.

इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारखी वाढती शहरे आज याच वळणावर आहेत. मजले मोजून रोखल्याने गरिबाला घर मिळत नाही, आणि ते केवळ वाढविल्याने घराला घरपण येत नाही. मजल्याबरोबर नळ, रस्ता आणि खिडकीसमोरचे हातभर आकाशही वाढले पाहिजे, हाच मुंबईच्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवाचा बोध होय.