बेरियमचा घोट, आयोडीनची सुई

साध्या एक्स-रेत मणके आणि फासळ्या स्वच्छ उमटतात, आतडं दिसत नाही. ते दिसावं म्हणून किरण अडवणारं काहीतरी पोटात घालावं लागतं. हिंगोली परभणी जिल्ह्यात होती तेव्हापासून मी एक्स-रे खोलीत काम केलं. किरण अडवणारं हे औषध माणसाला सोसेल असं व्हायला किती वर्षं गेली, ते रोग्यांना कधी कळलं नाही.

राँटगेनने 1895 मध्ये किरण शोधले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने जनावरांना बिस्मथ मिसळलेलं खाणं देऊन अन्न कसं सरकतं ते पाहिलं. 1904 मध्ये म्युनिकच्या हर्मन रीडर यांनी माणसांवर ही पद्धत बसवली. पण बिस्मथ सबनायट्रेटचं आतड्यातले जंतू विषारी नायट्राइट करत. काही रोगी त्यात दगावले. 1910 पासून बेरियम सल्फेट आलं. बेरियमचा दुसरा क्षार, कार्बोनेट, उंदीर मारायला वापरत. सल्फेट पाण्यात विरघळत नाही, पोटातल्या आम्लातही नाही, म्हणून ते रक्तात न जाता बाहेर पडतं. डब्यावरचं नाव मी दर वेळी पुन्हा वाचायचो ते याच धास्तीने.

आमच्याकडे पोटाच्या क्षयाचे रोगी येत. उपाशीपोटी आलेल्या माणसाला पातळ चुन्यासारखं ते बेरियम पाजायचं आणि थोड्या थोड्या वेळाने फोटो घेत बसायचं. लहान आतडं मोठ्याला मिळतं ती जागा आखडून वर ओढलेली दिसली, की डॉक्टर फिल्म पुन्हा उजेडाला धरत. उन्हाळ्यात डार्करूममधलं पाणी तापे, डेव्हलपर भरभर काम करी, फिल्म काळी पडे. टाकीभोवती बर्फ ठेवावा लागे. फिल्म बिघडली म्हणजे रोग्याला पुन्हा किरण, आणि सेनगावची बस चुकलेली.

मुतखड्यासाठी आयव्हीपी, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेले मूत्रमार्गाचे एक्स-रे. त्या औषधाचं मूळ आपल्या शेतकऱ्यांना जवळचं वाटेल. बर्लिनमध्ये बिन्झ आणि रेथ यांनी बनवलेलं आयोडीनयुक्त औषध गाईंच्या कासदाहावर वापरलं जाई. 1929 मध्ये मोझेस स्विक या तरुण डॉक्टरने त्याच जातीचं औषध शिरेतून दिलं आणि मूत्रमार्ग फिल्मवर उतरला. पुढची अशी औषधं रक्ताच्या पाच-सातपट तीव्र असत. सुई टोचताच अंग भाजल्यासारखं होई, मळमळे. स्वीडनच्या टॉर्स्टन आल्मेन यांनी 1969 मध्ये तीव्रता उतरवण्याची वाट मांडली. त्यातूनच 1980 च्या दशकात आयोहेक्सॉल आलं. माझ्या मते रोग्याच्या दृष्टीने सीटी यंत्राइतकाच हा शोध मोठा आहे.

1971 मध्ये लंडनला हाउन्सफिल्ड यांनी बनवलेल्या सीटी यंत्रावर पहिला रोगी तपासला गेला. आमच्या भागातले लोक त्या तपासणीसाठी पुष्कळ वर्षं नांदेड, औरंगाबाद गाठत राहिले. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा झाला, 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

सीटीतही शिरेतून देतात ते आयोडीनचं औषध आता सौम्य झालं, तरी मूत्रपिंड कमजोर असेल तर जपावंच लागतं. तेव्हा वसमत, औंढा, कळमनुरी, कुठूनही पोटाच्या स्कॅनला निघालात तर मूत्रपिंडाचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट, जुन्या फिल्म आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. मागे कधी अशा इंजेक्शनने गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल, तर सुई टोचण्याआधी सांगा.