रक्ताची साक्ष

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा आग्रह अध्यक्षबाईंनी धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माझ्या हातात लेखणीपेक्षा उलथनेच अधिक. परंतु गेल्या वर्षी घरात एक प्रसंग घडला आणि त्यापायी रक्तगटांचा इतिहास मला जाणून घ्यावा लागला. तोच भगिनींपुढे ठेवते.

माझी बहीण हयात नाही, म्हणून भाचीचे बाळंतपण आम्ही इथे पालीलाच केले. भाचीचा रक्तगट 'ए'. जावयांच्या कार्डावर 'ओ' लिहिलेला. बाळाचा निघाला 'एबी'. सासरचे एक शिकलेले नातलग म्हणाले, "ओ गटाच्या बापाला एबी मूल होतच नाही." तेवढे पुरे झाले. बारसे पुढे ढकलले आणि पोरीने मान खाली घातली.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिघांचेही रक्त पुन्हा तपासले. जावयांचे कार्डच चुकीचे होते, त्यांचा गट 'बी'! बाई म्हणाल्या, "बहुतेक वेळा चूक कागदाचीच असते. पण कागद बरोबर असला तरी बाईवर बोट ठेवू नये, हे आपल्या मुंबईनेच जगाला शिकवले आहे." मग त्यांनी हकीकत सांगितली. ती मनाला लागली म्हणून मुलाकडून आणखी वाचून घेतले.

माणसांचे रक्त एका जातीचे नसते, हे 1901 साली व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर ह्यांनी दाखवले. पुढे 1930 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे गट आईबापांकडून मुलांकडे येतात, हे 1910 साली सिद्ध झाले. तेव्हापासून रक्त हे घराण्याचे साक्षीदार ठरले. ओ गटाचे रक्त सर्वांना चालते, असेही मानले जाऊ लागले.

पुढे 1952 साली मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन माणसे अशी आढळली की, त्यांच्या रक्ताचे ओ गटाच्या रक्ताशीही जुळेना. भेंडे, देशपांडे व भाटिया ह्या तिघांनी लंडनच्या संशोधकांच्या साहाय्याने हा शोध 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लेखाच्या सात कर्त्यांपैकी दोघी स्त्रिया होत्या, रूथ सँगर आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. ह्या गटाला जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. आपल्या देशात तो साधारण दहा हजारांत एकाचा असतो, असे सांगतात.

ह्याचे मर्म मी स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. रक्तात 'एच' नावाचा एक पदार्थ असतो, ते जणू पीठ. त्यापासूनच 'ए' आणि 'बी' ह्या दोन तऱ्हेच्या भाकऱ्या होतात. ओ गटात पीठ असते, पण भाकरी करण्याची विद्या नसते. बॉम्बे गटात पीठच नसते. विद्या असूनही भाकरी होत नाही, म्हणून साध्या तपासणीत असे रक्त ओ दिसते. ह्या माणसांना एरवी काही आजार नसतो. मात्र रक्त द्यावयाचे झाले तर त्यांना आपल्याच गटाचे लागते.

विद्या मात्र पुढच्या पिढीला मिळते. अमेरिकेतील एका कुटुंबात हे 1955 साली फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी दाखवले. ओ दिसणाऱ्या आईची मुलगी एबी होती. आईकडून 'बी'ची विद्या आली, बापाकडून 'ए'ची विद्या व पीठ आले. आई आहे म्हणून कोणी बोलले नसेल. असा बाप असता तर बोल कोणाला लागला असता, हे भगिनींना सांगावयास नको.

हे पीठ नसणे आईबाप दोघांकडून गुपचूप येते. दोघेही वरून निरोगी दिसतात, आणि अशा जोडप्याच्या दर अपत्याला चारांत एक असा संभव असतो. थॅलेसेमिया व सिकलसेल ह्या रक्ताच्या दुखण्यांचा नियम हाच. म्हणून दोष एकट्या आईचा कधीच नसतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. एकाच आजाआजींकडून आलेली गुप्त गोष्ट अशा दोघांत असण्याचा संभव अधिक असतो. तेव्हा पत्रिकेबरोबर दोघांच्याही रक्ताची तपासणी करून घ्यावी.

आता मनातले सांगते. त्या दिवसांत एका रात्री मीही भाचीला विचारले होते, "खरे काय ते सांग." ती काही बोलली नाही, बाळाला पदराखाली घेऊन भिंतीकडे वळली. कागद चुकला होता, आणि मीही चुकले होते. बारशाला मी तिची ओटी भरली तेव्हा तिने वाकून नमस्कार केला. माझ्या तोंडून आशीर्वाद फुटेना.

राजगडाच्या पायथ्याच्या आपल्या गावात पुन्हा कोणा लेकीवर अशी वेळ आली, तर मंडळाच्या भगिनींनी आधी तिच्या शेजारी बसावे. कागद मग तपासता येतो.