जुनी गाडी, जुनं आरसी बुक आणि एकवीस महिन्यांची मुदत

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत आरटीओचं काय काम? पण कागद हेच इतिहासाचं मुख्य साधन असतं, आणि गाडीच्या आरसी बुकाइतका बोलका कागद सामान्य घरात दुसरा क्वचितच सापडतो. म्हणून आज आम्ही २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं त्या बुकातून बघणार आहोत, आणि तीही मुंबई-पुण्यातून न बघता चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून.

आधी थोडं मागे जाऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने जीपा विकायला काढल्या, त्याला आपल्याकडे 'डिस्पोजलची गाडी' म्हणत. पुढे महिंद्राने विलीज जीप इथेच जोडायला सुरुवात केली. सागवान, बांबू आणि तेंदूपत्ता यांवर चालणाऱ्या मुलखात दुसरी कुठली गाडी टिकणार? आता कल्पना करा, १९४७ साली चांदा जिल्ह्यात, अहेरीकडे, एक जीप नोंदली गेली. त्या वेळी हा भाग मध्य प्रांत-वऱ्हाडात. १९५० ला तो मध्य प्रदेश झाला, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. मग २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे गाडी अंगणातून हलली नाही तरी तिने चार राज्यं आणि दोन जिल्हे पाहिले! आज चंद्रपूरचा क्रमांक एमएच-३४ आणि गडचिरोलीचा एमएच-३३. पण १९८२ च्या आधीच्या गाड्यांचं मूळ खातं चंद्रपूरच्या नावाचं, हे लक्षात ठेवा.

आता कायद्याकडे येऊ. १९१४ च्या कायद्यात नोंदणीचे तपशील प्रांतांवर सोडले होते. मग १९३९ चा कायदा आला, आणि सध्याचा १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याचं कलम ४१ सांगतं की खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालेल, आणि हे या कायद्याआधी दिलेल्या बुकांनाही लागू आहे. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. नमुना २५ भरायचा, विमा आणि पीयूसी जोडायचं, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप काढायचा, हरित कर भरायचा आणि गाडी निरीक्षकासमोर उभी करायची. बाकी सगळं ऑनलाइन झालं तरी ही शेवटची पायरी ऑनलाइन होत नाही. गाडी प्रत्यक्ष न्यावीच लागते.

इथे एक साधं गणित आहे. पंधरा आणि मग पाच-पाच. ज्या सालाच्या शेवटी शून्य किंवा पाच आहे, त्या सालच्या गाड्या. १९८५ ची जीप, १९९० ची पद्मिनी, १९९५ ची राजदूत, २००५ ची मारुती. वेळेवर नूतनीकरण होत आलं असेल तर या सगळ्यांची मुदत एकाच वर्षी संपते, २०२० मध्ये. आणि त्याच वर्षी २५ मार्चपासून देश बंद.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने ३० मार्च २०२० ला एक पत्र काढलं. १ फेब्रुवारी २०२० पासून ज्यांच्या कागदांची मुदत संपली आणि टाळेबंदीमुळे जी वाढवता आली नाही, ते कागद ३० जूनपर्यंत वैध धरावेत. मग जूनमध्ये ३० सप्टेंबर. ऑगस्टमध्ये ३१ डिसेंबर. डिसेंबरात ३१ मार्च २०२१. पुढे ३० जून, मग ३० सप्टेंबर, आणि शेवटची वाढ ३१ ऑक्टोबर २०२१. मोजून एकवीस महिने. काही वेळा तर मुदत संपायच्या तोंडावरच नवं पत्र येई.

विम्याचं मात्र तसं नव्हतं. २५ मार्च ते ३ मे २०२० दरम्यान संपणाऱ्या तृतीय पक्ष विम्याला १५ मे पर्यंतच सवलत मिळाली. एकाच गाडीचे दोन कागद, एकाला एकवीस महिने, दुसऱ्याला जेमतेम सात आठवडे. पडवीत उभ्या गाडीचा विमा कोण भरतो? आणि विमा नसला की पुढे नूतनीकरणाचा अर्जच अडतो. आमच्या मते त्या काळातली खरी गाठ इथे होती, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं.

जमिनीवर काय होतं ते बघा. ३० एप्रिल २०२० च्या यादीत गडचिरोली हिरव्या क्षेत्रात होता आणि चंद्रपूर नारिंगी. मध्ये सीमा. जिल्हा ओलांडायला ई-पास, तो सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालला आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा आला. सुटे भाग आणि जुन्या इंजिनाला हात लावणारा मिस्त्री बहुतेक चंद्रपूर-नागपूरकडचा. जिल्ह्याच्या आत पास लागत नव्हता, हे खरं. पण सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर दोनशे किलोमीटरांहून जास्त आहे, तेही आलापल्लीच्या जंगलातून. भामरागडचा रस्ता पावसाळ्यात पर्लकोटा नदी अडवते. वर्षभर उभी असलेली चाळीस वर्षांची जीप तपासणीसाठी एवढी न्यायची म्हणजे काय, हे ज्याने धक्का मारला त्यालाच ठाऊक. आणि रस्त्यात बंद पडली तर ती परत आणणार कोण, हा वेगळाच प्रश्न.

पण मुदत संपलेल्या बुकावर गाडी चालवलीच तर? कलम १९२ नुसार पहिल्या गुन्ह्याला २,००० ते ५,००० रुपये दंड. मात्र याच कलमात एक सवलत आहे, जी त्या दोन वर्षांत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला हवी होती. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने नेण्यासाठी, किंवा संकटात अन्न आणि औषधं पोचवण्यासाठी गाडी वापरली तर हे कलम लागू होत नाही. अट एकच, सात दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवायचं. रात्री एटापल्लीकडच्या पाड्यावरून रुग्णाला दवाखान्यात नेणाऱ्याला या तरतुदीचा पत्ता असेल असं आम्हाला वाटत नाही. त्याने गाडी काढली ती माणुसकीने, आणि भीती मनात ठेवून.

ती भीती अगदीच खोटी नव्हती. ३० सप्टेंबर २०२१ ला, म्हणजे मंत्रालयाने शेवटची वाढ दिली त्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध सुशीलकुमार गोदारा या खटल्यात निकाल दिला. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली बोलेरो चोरीला गेली होती, न्यायालयाने विम्याचा दावा नाकारला. त्या खटल्याचा कोविडशी संबंध नाही, पण कंपन्या नोंदणीची तारीख किती बारकाईने बघतात ते त्यातून दिसतं.

मग १५ जुलै २०२१ ला केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीच्या नव्या नोंदणीला क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. ऐकायला छान. पण अशी गाडी रोजच्या रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं अशा कामांपुरतीच. शिवाय इंजिन, चेसिस, सांगाडा यांत मोठा बदल चालत नाही. जंगलातल्या जीपांचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणं हा तर जुना रिवाज! पुढच्याच महिन्यात, १३ ऑगस्टला, भंगार धोरणाची सुरुवात झाली. सरकारच्या लेखी जुन्या गाडीला दोनच वाटा राहिल्या, प्रदर्शनात उभी राहा नाहीतर भंगारात जा. तेंदूपत्त्याची पोती वाहणारी आणि अडीअडचणीला माणसं नेणारी तिसरी गाडी धोरण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतीच. धूर कमी व्हावा हे आम्हालाही पटतं. चंद्रपुरात राहून ते न पटणं कठीण आहे. पण जिथे एसटी दिवसातून एखाददुसरी, तिथे नियमाला पर्यायही जोडावा लागतो.

सवलत ऑक्टोबर २०२१ अखेर संपली. त्याच महिन्याच्या ४ तारखेला नवं शुल्क अधिसूचित झालं होतं, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं. कारच्या नूतनीकरणाचे ६०० रुपये होते, ते ५,००० झाले. मोटारसायकलचे ३०० होते, ते १,०००. उशीर झाला तर दर महिन्याला कारला ५०० आणि मोटारसायकलला ३०० जादा. ज्यांनी २०२० मध्ये कसंबसं काम उरकलं, त्यांची पाच वर्षं २०२५ मध्ये भरली. आणि त्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांहून जुन्या कारचं शुल्क १०,००० रुपयांवर गेलं.