कामगारांच्या वतीने बोलणार कोण?

मुंबईच्या गिरण्यांत पगार, बोनस, कामाचे तास यांवरून वाद झाले, तेव्हा मागणी रास्त आहे का, याच्या आधी ती मांडणाऱ्याला अधिकार काय, असे वारंवार विचारले गेले.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884 मध्ये परळला कामगारांची सभा घेतली. तिथल्या अर्जावर सुमारे 5,500 सह्या झाल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत आणि जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पगार, असे मागणे होते. लोखंडे मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते, नंतर ‘दीनबंधू’चे संपादक झाले, साच्यावर ते कधी उभे राहिले नव्हते. एप्रिल 1890 मध्ये त्यांच्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. तरीही 1892 च्या सरकारी अहवालाने त्यांच्या ‘मिल हँड्स असोसिएशन’ला संघटना मानले नाही: सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, लोखंडे केवळ येईल त्याला सल्ला देणारे. नोंद खोटी नव्हती. पण त्या यादीविना, निधीविना हजारो कुटुंबांना आठवड्याचा एक दिवस मिळाला होता, आणि मोजायला हवे होते ते हेच.

1926 च्या कायद्याने कामगार संघटनांची नोंदणी सुरू झाली. 1928 च्या संपात उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन त्याच वर्षाअखेर 324 सभासदांवरून 54,000 वर गेली. आता यादीही होती आणि निधीही.

मुंबई औद्योगिक संबंध कायदा, 1946 याने मात्र ‘बोलणार कोण’ या प्रश्नाला कायमचे कुलूप लावले. एका भागातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना, वाटाघाट तिच्याशीच. गिरण्यांत हा दर्जा काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिला. 1981 च्या दिवाळीआधी बोनसच्या करारावर नाराज असलेले कामगार, त्यांत प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचेही, संघाला डावलून कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे घाटकोपरला गेले. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते. सामंतांच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करण्याचीही मागणी होती. मालक आणि सरकार यांचे उत्तर मात्र एकच राहिले: सामंतांची संघटना कायद्याने प्रातिनिधिक नाही, म्हणून तिच्याशी बोलणी नाहीत. संप बेकायदा ठरवला गेला. कामगार कोणामागे आहेत, हे रस्त्यावर दिसत असूनही पगाराच्या मागणीवर त्यांनी निवडलेल्या नेत्याशी करार झाला नाही. तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही.